नळदुर्गच्या पुलापासून थिएटर कमांडपर्यंत : संरक्षण सुधारणांना आपल्याकडे इतका वेळ का लागतो?

नळदुर्गवाट

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत बोरी नदी लागते आणि नळदुर्गचा किल्ला दिसू लागतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्या तुकड्या याच रस्त्याने हैदराबाद संस्थानात शिरल्या. बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात आला नसता तर रणगाडे आणि गाड्या नदीकाठीच अडकून पडल्या असत्या. सातव्या ब्रिगेडने तो पूल अचानक हल्ला करून शाबूत मिळवला आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. शाळेत इतिहास शिकवत होतो तेव्हा दरवर्षी मी मुलांना त्या ठिकाणी घेऊन जात असे. सोलापूर, विजयवाडा आणि इतर बाजूंनी निघालेल्या फौजांची एकच योजना होती, ती दक्षिण कमांडच्या हाती होती आणि हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने त्याच योजनेच्या आधारे उडत होती, हे मी मुलांना आवर्जून सांगे.

आता पन्नास वर्षे पुढे येऊ. ३ मे १९९९ च्या सुमारास कारगिलमधील मेंढपाळांनी घुसखोर पाहिल्याची खबर दिली. हवाई दलाची 'सफेद सागर' मोहीम सुरू झाली ती २६ मे रोजी. मधले तीन आठवडे भूदल आणि हवाई दल यांच्यात हेलिकॉप्टर वापरायचे की लढाऊ विमाने, परवानगी कोणी मागायची आणि कोणाकडे मागायची यावर मतभेद होते. ५२७ जवान गमावून आपण ते युद्ध जिंकलो. त्यानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली कारगिल आढावा समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालावरून लालकृष्ण अडवाणी यांच्या नेतृत्वाखालील मंत्रिगटाने २००१ मध्ये शिफारशी केल्या. त्यांतील महत्त्वाची शिफारस अशी होती की तिन्ही दलांच्या वतीने सरकारला एकत्रित सल्ला देणारा एक संरक्षण दल प्रमुख असावा.

त्याच वर्षी एकात्मिक संरक्षण मुख्यालय उभे राहिले आणि अंदमान-निकोबारची संयुक्त कमांडही स्थापन झाली. संरक्षण दल प्रमुख मात्र नेमला गेला नाही. २०१२ मध्ये नरेश चंद्र समितीने तीच गोष्ट थोड्या सौम्य स्वरूपात सुचवली. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना नेमलेल्या लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या समितीने २०१६ मध्ये ती पुन्हा मांडली. अखेर १५ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून घोषणा केली आणि १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत यांनी सूत्रे हाती घेतली. मंत्रिगटाच्या शिफारशीपासून नेमणुकीपर्यंत एकोणीस वर्षे लोटली.

यापुढची पायरी थिएटर कमांडची, म्हणजे एका आघाडीवरची तिन्ही दले एकाच सेनापतीच्या हाताखाली आणण्याची आहे. आज भूदलाच्या सात, हवाई दलाच्या सात आणि नौदलाच्या तीन अशा सतरा स्वतंत्र कमांड आहेत. आपल्या राज्यातच पाहा. भूदलाची दक्षिण कमांड पुण्यात, नौदलाची पश्चिम कमांड मुंबईत आणि हवाई दलाची देखभाल कमांड नागपुरात आहे. गुजरातच्या सीमेवर उद्या काही घडले, तर पुण्याच्या भूदल कमांडला गांधीनगरच्या हवाई कमांडशी आणि मुंबईच्या नौदल कमांडशी बोलून घ्यावे लागेल. तिघांच्या हद्दी वेगळ्या आहेत आणि तिघांचे वरिष्ठही वेगळे आहेत. संरक्षण मंत्रालयाने २०२५ हे 'सुधारणा वर्ष' म्हणून जाहीर केले खरे, परंतु एका आघाडीवर एकच सेनापती असावा हा निर्णय अजून वादातच अडकलेला आहे. हा विलंब समजून घ्यावा म्हणून धागा काढला आहे. ज्यांनी सेवा केली आहे, त्यांनी अवश्य लिहावे.

---

सुभेदार_माढा

गुरुजी, नमस्कार. आपण विषय चांगला काढला, पण पहिल्याच उदाहरणाविषयी मला आक्षेप घ्यावासा वाटतो. १९४८ मध्ये समोरच्या बाजूकडे हवाई दल म्हणण्यासारखे काही नव्हते आणि रझाकार ही काही शिकवून तयार केलेली फौज नव्हती. तिथली पाच दिवसांची मोहीम आणि आजच्या चीन व पाकिस्तान या दोन आघाड्या यांची तुलना होऊ शकत नाही. माझ्या मते १९७१ चे उदाहरण अधिक उपयोगी आहे. त्या वेळी माणेकशा, एअर चीफ मार्शल लाल आणि ॲडमिरल नंदा यांचे आपसात जमत होते, म्हणून तिन्ही दले एकत्र चालली. ती व्यवस्था त्या तिघांच्या स्वभावावर उभी होती. माणसे बदलली की अशी व्यवस्था ढासळते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सुधारणा हवी आहे ती नेमकी याचसाठी.

आता खालच्या पातळीवरचा अनुभव सांगतो, कारण वर्तमानपत्रांत तो येत नाही. सेवेच्या शेवटच्या काळात मी तिन्ही दलांची माणसे असलेल्या एका ठिकाणी होतो. माझ्या हाताखाली दुसऱ्या दलाचा एक तरुण होता. त्याच्याकडून गंभीर चूक झाली. आमच्या कमांडिंग ऑफिसरना त्याला शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता, कारण भूदलाचा कायदा १९५० चा, हवाई दलाचा वेगळा कायदाही १९५० चा आणि नौदलाचा १९५७ चा. त्या मुलाला त्याच्या मूळ दलाकडे परत पाठवावे लागले, कागद मागून गेले आणि निकाल लागेपर्यंत साक्षीदारांच्या बदल्या झाल्या. आपला वरिष्ठ आपल्याला शिक्षा करू शकत नाही हे एकदा बराकीत कळले की आज्ञेचा धाक किती उरतो, ते फौजीला वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून २०२३ चा आंतर-सेवा संघटना कायदा मला फार मोलाचा वाटतो. १० मे २०२४ पासून तो लागू झाला आणि २०२५ च्या मे महिन्यात त्याचे नियमही आले. आता संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचा अधिकार आहे. सेवेच्या अटी ज्याच्या त्याच्या कायद्याप्रमाणेच राहतात, परंतु आज्ञा आणि शिक्षा एका हातात येतात. या कायद्याचा गाजावाजा झाला नाही. थिएटर कमांड उद्या झाली तर तिचा पाया मात्र हाच असेल.

---

जुळे_सोलापूर

सुभेदार काकांचे म्हणणे पटले. माझे वडील हवाई दलात तंत्रज्ञ होते, त्यामुळे लहानपणापासून ऐकलेली दुसरी बाजू मांडते.

हवाई दल थिएटर कमांडविषयी सावधपणे बोलते, तेव्हा अनेकांना तो खुर्चीचा हट्ट वाटतो. मला तसे वाटत नाही. मंजूर संख्या ४२ लढाऊ स्क्वॉड्रनची (विमानांच्या तुकड्यांची) आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर प्रत्यक्षातली संख्या २९ वर आली आहे. भूदलाची डिव्हिजन एका खोऱ्यात वर्षानुवर्षे उभी राहू शकते. विमान मात्र सकाळी राजस्थानच्या आघाडीवर आणि संध्याकाळी लडाखच्या दिशेने वापरता येते, आणि हीच त्याची खरी ताकद आहे. मोजकी विमाने दोन-तीन सेनापतींमध्ये कायमची वाटून टाकली, तर एकीकडे ती हँगरमध्ये उभी राहतील आणि दुसरीकडे कमी पडतील. ऑगस्ट २०२५ मध्ये महू येथील परिसंवादात हवाई दल प्रमुखांनी घाई करू नये असे उघडपणे सांगितले आणि त्याऐवजी दिल्लीत संयुक्त नियोजनाचे केंद्र असावे असे सुचवले. नौदल प्रमुखांचा सूर त्याच ठिकाणी एकत्रीकरणाला अनुकूल होता. वर्दीतली माणसे इतक्या मोकळेपणाने असहमती दाखवत आहेत, हे मला चांगले लक्षण वाटते.

विमानांची उणीव भरून निघाल्याशिवाय आराखड्यावरच्या रेषा बदलून फारसे साधणार नाही. तेजस मार्क १ए या देशी बनावटीची ८३ लढाऊ विमाने फेब्रुवारी २०२१ मध्ये मागवली गेली, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा करार झाला, आणि परदेशातून यायची इंजिने वेळेवर न आल्यामुळे पहिल्याच मागणीचा पुरवठा लांबला. सुधारणा म्हणजे कमांडची पुनर्रचना एवढाच अर्थ घेतला, तर इंजिन स्वतः बनवता न येण्याचा मुख्य प्रश्न मागे पडतो.

---

वकील_सातरस्ता

दोन्ही बाजू वाचल्या. विलंबाचे एक कारण इथे अजून आलेले नाही आणि ते तांत्रिक स्वरूपाचे नाही. तिन्ही दलांवर एकच सेनाधिकारी असू नये, हा स्वतंत्र भारताने जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय होता. इंग्रजांच्या काळात कमांडर-इन-चीफ हा व्हाइसरॉयखालोखाल सर्वांत प्रबळ माणूस होता. ते पद स्वातंत्र्याबरोबर तिन्ही दलांत विभागले गेले आणि १९५५ मध्ये नावासकट मोडीत निघून तीन समान दलप्रमुख आले. तीनच वर्षांनी पाकिस्तानात लष्करशाही आली, तेव्हा आपल्या नेत्यांना आपला निर्णय योग्यच वाटला असणार.

सोलापूरच्या माणसाला ही भीती पुस्तकात वाचावी लागत नाही. मे १९३० मध्ये आपल्या शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या आपल्यासारख्यांना नागरी सत्तेची किंमत ठाऊक असली पाहिजे.

परंतु आज ती भीती कितपत लागू आहे, हेही पाहिले पाहिजे. संरक्षण दल प्रमुखाच्या हाती कोणतीही फौज नाही. तो लष्करी व्यवहार विभागाचा सचिव आहे, दलप्रमुखांच्या समितीचा कायमस्वरूपी अध्यक्ष आहे आणि सरकारचा सल्लागार आहे. सरकारच्या कार्यवाटपाच्या नियमांत 'भारताचे संरक्षण' हा विषय आजही संरक्षण सचिवाच्या विभागाकडे आहे, म्हणजे जबाबदारी नागरी अधिकाऱ्याकडेच राहिली आहे. त्यामुळे एक जनरल बलवान होईल ही भीती मला आता कमी वाटते. अधिक काळजी वाटते ती पद रिकामे राहण्याची. ८ डिसेंबर २०२१ रोजी जनरल रावत यांचा हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाला आणि जनरल अनिल चौहान यांनी ३० सप्टेंबर २०२२ रोजी पदभार घेतला. लडाखमध्ये चीनसमोर फौजा उभ्या असताना पावणेदहा महिने हे पद रिक्त होते. ज्या पदावर साऱ्या सुधारणांची भिस्त आहे, ते इतके दिवस रिकामे ठेवता येते, याचा अर्थ व्यवस्थेने ते अजून अत्यावश्यक मानलेले नाही.

---

नळदुर्गवाट

सुभेदार साहेब, तुलनेबद्दलचा आक्षेप मान्य आहे. हैदराबादची मोहीम सोपी होती. माझा रोख एका योजनेवर होता, पण उदाहरण तोकडे पडले हे खरे.

वकील साहेबांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. अमेरिकेतही दले आपसात भांडतच होती. तिथे १९८६ मध्ये दलांना संयुक्त सेनापतींच्या हाताखाली आणणारा गोल्डवॉटर-निकोल्स कायदा झाला आणि तो दलांच्या इच्छेविरुद्ध संसदेने केला. चीनने फेब्रुवारी २०१६ मध्ये सात लष्करी विभाग मोडून पाच थिएटर कमांड केल्या, पण तिथे पक्षाचा आदेश निघाला की प्रश्न संपतो. आपल्याला तो मार्ग नको आहे. म्हणजे संसदेचा मार्ग उरतो, आणि आपल्याकडे या विषयावर संसदेत फारच थोडी चर्चा होते. २०२३ चा शिस्तीचा कायदा सोडला तर उरलेल्या सुधारणा शासकीय आदेशांनी झाल्या आहेत. आदेशाने केलेले आदेशाने बदलताही येते. राष्ट्रीय सुरक्षेचे धोरण म्हणून एखादा दस्तऐवज सरकारने अद्याप जाहीर केलेला नाही. कोणत्या धोक्यासाठी कोणती कमांड, हे त्या दस्तऐवजातून ठरायला हवे. त्याच्याशिवाय आपण आधी घर बांधून मग माणसे मोजतो आहोत.

यशवंतराव चव्हाणांचे स्मरण इथे केल्यावाचून राहवत नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा लष्कराचे मनोधैर्य खचलेले होते आणि मंत्री व सेनाधिकारी यांच्यातला विश्वास संपला होता. त्यांनी तिन्ही दलप्रमुख आणि सचिव यांना एका टेबलाभोवती नियमित बसवायला सुरुवात केली, १९६४ मध्ये पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना आणली आणि पहाडी डिव्हिजन उभ्या केल्या. सैन्यातील बारकावे सेनाधिकाऱ्यांवर सोपवून साधनांची आणि समन्वयाची जबाबदारी मंत्र्याने स्वतः घ्यायची, ही त्यांची रीत होती. मतभेद झाले की निवाडा मंत्री देत असे. आज थिएटर कमांडचा निर्णय तिन्ही दलांनी आपसात एकमत करून आणावा, अशी अपेक्षा दिसते. माझ्या मते ही अपेक्षाच चुकीची आहे. प्रत्येक दल आपापल्या जागी प्रामाणिक आहे, म्हणूनच त्यांचे एकमत होणार नाही.

---

गणवेशवाला_अक्कलकोटरोड

चर्चा वरच्या पातळीवर चालली आहे. मी सुधारणांकडे आमच्या एमआयडीसीतून पाहतो, म्हणून थोडे वेगळे लिहितो.

सोलापुरात आता चादर आणि टॉवेलइतकेच गणवेशाचे काम चालते. शाळा, सुरक्षा रक्षक, रुग्णालये अशा सगळ्यांचे गणवेश आमच्याकडे शिवले जातात. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात आली आणि कपड्यांची कंपनी कानपूरला गेली. त्यापूर्वी निर्माणीला मागणी आपोआप मिळत असे. आता कंपनीला स्पर्धेत उतरावे लागते आणि त्यामुळे आमच्यासारख्यांनाही निविदेत शिरायला जागा मिळेल, असे आम्हाला वाटले. काही अंशी ती मिळालीही. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून २५ टक्के सरकारी खरेदी करण्याचे धोरण आहेच.

पण लहान कारखानदार कुठे अडतो ते सांगतो. मी एका सरकारी खरेदीदाराला माल दिला. कापडाच्या रंगाचा पक्केपणा, शिवणीची ताकद, आटण्याचे प्रमाण या सगळ्या चाचण्यांत माल उतरला. पैसे अकरा महिन्यांनी मिळाले. कायद्याने ४५ दिवसांत मिळायला हवे होते. तेवढ्या काळात माझी अनामत रक्कम अडकलेली, सुताचे पैसे रोखीने दिलेले आणि शिलाई कामगार आठवड्याला मजुरी मागणारे, तीही बहुतेक पूर्व भागातल्या बायका. पुढची निविदा मी भरली नाही. २०२४-२५ मध्ये देशाचे संरक्षण उत्पादन दीड लाख कोटींच्या वर गेले आणि निर्यात २३ हजार ६२२ कोटींची झाली, याचा मला मनापासून अभिमान आहे. त्या आकड्यांत लहान गावांचा वाटा वाढायचा असेल, तर बिल वेळेवर निघणे हीच माझ्यासाठी पहिली सुधारणा आहे. नोव्हेंबर २०२५ पासून खरेदीची नवी नियमपुस्तिका लागू झाली आहे. तिचा परिणाम या एका कसोटीवर मी पाहणार आहे.

---

मोहोळ_मैदान

मी भरतीपूर्व प्रशिक्षण देतो. पहाटे पाचला मोहोळच्या मैदानावर पन्नास-साठ पोरे धावायला येतात. त्यांतली बरीचशी कोरडवाहू शेतकऱ्यांची आहेत. त्यांच्या दृष्टीने संरक्षण सुधारणा म्हणजे अग्निपथ.

करोनाच्या काळात दोन वर्षे भरती मेळावे झाले नाहीत आणि माझ्याकडची तयारीची मुले वयात बसेनाशी झाली. १४ जून २०२२ रोजी योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार, शेवटी सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी आणि २५ टक्क्यांपर्यंत मुलांना कायम सेवेची संधी. वयाची मर्यादा त्या एका वर्षापुरती २३ पर्यंत वाढवली, पण सगळ्यांना तिचा लाभ झाला नाही. आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते आणि मग भरती मेळाव्यात धावायचे असते. धावण्यात पहिली येणारी मुले लेखी परीक्षेतच गळतात, म्हणून मी आता सकाळी मैदान आणि संध्याकाळी गणित घेतो.

पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. म्हणजे त्या मुलांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतात. परवा एका मुलाच्या वडिलांनी विचारले, "सर, चौघांतले तिघे परत येणार, मग त्या तिघांचे काय?" मी त्यांना केंद्रीय दलांतील राखीव जागांविषयी सांगितले, पण त्यांचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

---

सुभेदार_माढा

सर, तुमच्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये होते. त्यातले सुमारे १.६० लाख कोटी आम्हा निवृत्तांच्या निवृत्तिवेतनाचे आणि भांडवली खर्चासाठी १.८० लाख कोटी. नवी विमाने, तोफा, पाणबुड्या यांसाठी लागणाऱ्या रकमेच्या जवळपास पोचेल एवढे निवृत्तिवेतन झाले आहे. मी स्वतः ते घेतो. ते माझ्या हक्काचे आहे असे मी मानतो, परंतु हे गणित असेच वाढत जाऊ शकत नाही हेही मला दिसते. म्हणून अग्निपथ मुळातूनच चुकीची आहे असे मी म्हणणार नाही.

माझा आक्षेप कालावधीला आहे. सहा महिने प्रशिक्षणात जातात, रजा वजा करा, आणि मग रेडिओ, तोफ किंवा रणगाड्याचे काम हाताशी येते न येते तोच मुलगा निघतो. पायदळात चार वर्षांत चांगला शिपाई घडतो, पण तांत्रिक शाखेत घडत नाही असा माझा अनुभव आहे. तिथे सात-आठ वर्षे सेवा आणि निम्म्या मुलांना कायम ठेवणे, एवढा बदल झाला तरी पुष्कळ साधेल. आणि जुळे सोलापूरच्या ताईंनी विमानांबद्दल जे लिहिले, तेच माणसांबद्दलही खरे आहे. संख्या कमी झाली की जमवाजमव जास्त लागते, म्हणजे एकत्रीकरण अधिकच गरजेचे होते.

---

जुळे_सोलापूर

काका, नेमके. एक पुरवणी जोडते. १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने भूदलातील महिला अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचा मार्ग मोकळा झाला आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. हा बदल न्यायालयाने घडवला, सरकारने नव्हे, हे मान्य करूनही तो सुधारणांच्या यादीत पहिल्या ओळीत यावा असे मला वाटते. एनडीएत तिन्ही दलांची मुले-मुली तीन वर्षे एकत्र राहतात, जेवतात, धावतात. एकत्रीकरणाची सवय तिथेच लागते आणि पुढे वीस वर्षे स्वतंत्र दलांत राहून ती मोडते. मेजर आणि स्क्वॉड्रन लीडरच्या वयातच त्यांना एकमेकांच्या दलात दोन वर्षे पाठवले, तर त्यांच्यातून पुढे येणारा सेनापती विमानांच्या वाटपावर आतासारखा अडणार नाही.

---

नळदुर्गवाट

ताई, ही सूचना मला फार आवडली, कारण तिला नवा कायदा लागत नाही.

मोहोळच्या सरांना एक विनंती आहे. पहिल्या तुकडीतली आपल्या जिल्ह्यातली जी मुले परत येणार आहेत, त्यांच्या शाखांची माहिती (वाहनचालक, संदेशवहन, तोफखाना, लिपिक अशी) मुलांची नावे न घेता आपण इथे मांडू शकाल का? गणवेशवाल्यांसारख्या कारखानदारांना भांडार सांभाळणारा किंवा यंत्रे दुरुस्त करणारा शिस्तीचा माणूस लागतो. आपल्या खासदारांना पत्र लिहायचे झाले तर तांत्रिक शाखांच्या मुदतीचा सुभेदार साहेबांचा मुद्दा आणि थिएटर कमांडवर लोकसभेत चर्चा, या दोनच मागण्या मी घालीन. मसुदा रविवारपर्यंत इथे टाकतो. वकील साहेबांनी तो तपासून द्यावा.

---

मोहोळ_मैदान

गुरुजी, माहिती गोळा करतो. माझ्या मैदानावरून गेलेले नऊ जण पहिल्या तुकडीत आहेत. त्यांतले चार संदेशवहन आणि तोफखान्यात आहेत, म्हणजे काका म्हणतात त्याच शाखांत. दोघे सध्या रजेवर गावी आले आहेत. मसुदा टाकलात की तो आधी त्यांनाच वाचून दाखवतो.